स्क्रूड्रायव्हर दातांत धरून

केडगावच्या आमच्या गॅरेजमधली ती दुपार मला अजूनही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवते. पत्र्याच्या भोकांतून उतरलेलं ऊन, त्यात सावकाश फिरणारी धूळ, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेले आप्पा, माझे वडील. आयुष्य डिझेल इंजिनांपाशी घालवून त्यांचे कान गेले होते. ते त्यांना इतकं लागलं, की महिनाभर त्यांनी कुठल्याच इंजिनाला हात लावला नव्हता. पूर्वी हात माझे, म्हणजे लेकीचे, आणि कान त्यांचे, असं आमचं चालायचं. आता मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची, की हा माणूस असाच खुर्चीत विरून जाईल.

शिरूरहून आलेल्या पिकअपचा डिझेल पंप गेला होता. मी दौंडहून दुसरा आणला, खुणेला खूण जुळवून बसवला, नळ्या आवळल्या. या पंपाला एक वायर असते. चावी फिरवली की तिच्यात करंट येतो आणि डिझेल सुटतं. चावी बंद, डिझेल बंद. नळ्यांतली हवा काढेपर्यंत चावीची कटकट नको म्हणून मी ती सरळ बॅटरीला जोडली. आप्पांचीच पद्धत. इंजिन सुरू झालं, पण ठोका बरोबर पडतोय का, ते कळेना. पंप फिरवला की ठोका मागेपुढे होतो; केसभर इकडे फिरवला, केसभर तिकडे. दर वेळी वाटायचं, हाच; लगेच वाटायचं, छे.

शेवटी चिडून मी लांब स्क्रूड्रायव्हर आप्पांच्या हातात कोंबला आणि त्यांना बॉनेटपाशी ओढत नेलं. टोक इंजिनावर टेकवून त्यांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. मान हलवली. मग काय सुचलं कोण जाणे, ती मूठ त्यांनी दातांत धरली आणि डोळे मिटले. हाडांतून काहीतरी पोचलं असावं. बोटानं सांगू लागले: अजून थोडं. अजून. बास.

मी बोल्ट आवळले आणि ऐटीत चावी बंद केली. इंजिन चालूच! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बॅटरीवरची वायर काढायची राहिलीच होती. मी धावत जाऊन वायरीला हात घातला, तसं दातांतला स्क्रूड्रायव्हर काढून आप्पांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दी गं," ते केवढ्यांदा ओरडले, "लई दिसांनी ऐकाया येतंय."