वहिनीचं फिरकी इंजिन

वहिनीचं कौतुक मी सुरू केलं की दादा म्हणतो, "विमान मी बांधलंय, हेही मधूनमधून सांगत जा." तर ते आधीच सांगून टाकते. विमान दादाने बांधलं. तो सुतार, दारं-खिडक्या करणारा. घरामागच्या शेडमध्ये त्याने लाकडाचं दोन सीटांचं विमान उभं केलं. त्यात किती वर्षं गेली हे विचारलं की तो विषय बदलतो. मी शिवणकाम करते, म्हणून पंखांवरचं कापड माझ्या वाट्याला आलं. तेवढी लांब सरळ शिवण मी आयुष्यात पुन्हा घातलेली नाही. आणि इंजिन वहिनीचं.

वहिनी लग्नाआधीपासून एका गॅरेजमध्ये फिटर होती. तिथे रोटरी इंजिनाच्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर पोटातल्या पोटात गरगर फिरतो. हलकं, लहान आणि ताकदीला भारी. पण तापतं भयंकर, आणि मिजास सांभाळावी लागते. गॅरेज बंद झालं तेव्हा मालकाने तिला विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? तिने एका मोडक्या गाडीतलं इंजिन मागितलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. आई दारात उभी होती. तिने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे आणि म्हणाली, "स्वयंपाकघरात नको, एवढंच."

आमच्या गावाबाहेर एक लहानशी धावपट्टी आहे. तिथली देखभाल एक म्हातारे वैमानिक करतात. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. दादाला विमान चालवायला त्यांनीच शिकवलं. त्यांना हे गाडीचं इंजिन अजिबात पटलं नव्हतं. तिथे येणारी बाकीची मंडळीही वहिनीची फिरकी घ्यायची. कुणी विचारायचं, विमानाला हॉर्न कुठे बसवणार? वहिनी शांतपणे म्हणायची, "बसवते. तुम्ही आडवे येणार असाल तर लागेलच."

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी दुपारी बरंच ऊन होतं. मी आणि वहिनी धावपट्टीच्या कडेला उभ्या होतो. दादा सुटला, चाकं उचलली, विमान वर चढायला लागलं. तेवढ्यात इंजिन खोकलं. एकदा, मग लागोपाठ दोनदा. वहिनीने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता. दादाने जोर कमी केला, बेताने वळला आणि उतरला. उतरल्यावर इंजिन असं गोड चालत होतं, जसं काही झालंच नाही.

वहिनीने बॉनेट काढलं. कप्तान दरवेळी सांगायचे की विमानाच्या बॉनेटला काउलिंग म्हणतात, आणि ती दरवेळी बॉनेटच म्हणायची. तिने स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉइलही नवी घातली. इंजिन जोरात चालवून पाहिलं. एकदम ठणठणीत. नंतरचे दिवस ढगाळ, गार होते. दादा रोज सकाळी उडायचा आणि खुशीत उतरायचा. कप्तानांनी तर "बरं चाललंय हो," असंही म्हणून टाकलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

मग पुन्हा ऊन पडलं, आणि पुन्हा वर चढताना तेच खोकणं. या वेळी दादा उतरला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. तो विमानातून उतरून बाजूच्या बाकावर बसला, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, साधं पिस्टनचं इंजिन बघू या. त्यात काही कमीपणा नाही."

"कमीपणाचं राहू द्या," वहिनी म्हणाली. "मी तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं गेलं असं धरून बसले. दुखणं गार हवेमुळे लपलं होतं. चूक माझी आहे. ते सापडेपर्यंत तुम्ही उडायचं नाही. सापडल्यावर तुम्ही ठरवा. पिस्टन म्हणालात तर मीच काढून ठेवीन हे."

त्यानंतर घरात असतानाही तिचं डोकं इंजिनातच असायचं. जेवताना भाजी कुठली आहे हेही तिला कळत नव्हतं. आई तिच्या ताटात वाढत राहायची आणि आम्हाला डोळ्यांनी गप्प करायची. एका संध्याकाळी आईनेच विचारलं, "जमिनीवर नीट आणि वर गेलं की बिघडतं. वर जाताना वेगळं काय करता तुम्ही?"

"काहीच नाही," दादा म्हणाला. "झाकण लावतो आणि जातो."

वहिनीचा घास हातातच राहिला. जमिनीवर तपासताना ती दरवेळी बॉनेट काढूनच इंजिन चालवत होती, कारण आत बघायचं असायचं. गॅरेजमध्ये आयुष्यभर तसंच केलं होतं. उघड्या इंजिनाला वारा लागतो. झाकलेलं इंजिन आतल्या आत भाजत राहतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही धावपट्टीवर गेलो. विमानाची शेपूट जाड दोराने खांबाला बांधली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. वहिनीने पेट्रोलच्या दाबाचा एक काटा सीटसमोर बसवला, बॉनेट घट्ट आवळलं आणि स्वतः आत बसली. कप्तान आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभे राहिले. इंजिन पूर्ण जोरात गेलं. बराच वेळ काही नाही. वारा आणि धूळ एवढी की मी ओढणी तोंडाला बांधली. मग इंजिन खोकलं.

आमचे चेहरे पडले. वहिनी मात्र आत बसून हसत होती. इंजिन बंद करून ती खाली उतरली ती ओरडतच, "खोकलं! आधी काटा थरथरला, मग खोकलं!"

काय झालं होतं ते तिने आम्हाला तिथेच समजावलं. पेट्रोलचा पंप बॉनेटच्या आत होता आणि त्याकडे येणारी नळी धूर बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टच्या शेजारून जात होती. या इंजिनाचा एक्झॉस्ट म्हणजे पेटती चूलच. झाकलेल्या जागेत नळीतलं पेट्रोल उकळायचं, पंपाच्या तोंडी पेट्रोलऐवजी वाफ जायची आणि इंजिनाचा घास तुटायचा. जोर कमी केला की पुन्हा सुरळीत.

या वेळी तिने घाई केली नाही. आधी एक्झॉस्ट आणि नळी यांच्यामध्ये फक्त पत्र्याचा आडोसा घातला. पुन्हा दोर, पुन्हा ठोकळे, पुन्हा भर दुपार. इंजिन उशिरा खोकलं, पण खोकलं. मग नळी दुसऱ्या बाजूने फिरवली आणि पंप बॉनेटच्या बाहेर, खाली टाकीजवळ नेला. काटा जागचा हलला नाही. टाकीतलं पेट्रोल संपत आलं, आमचे कान बधिर झाले, काटा तिथेच. दादा म्हणाला, "झालं, चला घरी." तर ही बाई म्हणते, थांबा. तिने पंप होता तिथे परत लावला, नळी होती तशी परत फिरवली आणि इंजिनाला पुन्हा खोकायला लावलं. मग सगळं काढून नव्या जागी बसवलं. कप्तानांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच्याकडून कबुलीजबाब घेतलात."

"आता तुम्ही ठरवा," वहिनी दादाला म्हणाली.

दादाने टाकी भरली, ठोकळे काढले, दोर सोडला आणि आत जाऊन बसला. तेच त्याचं उत्तर. त्या दुपारी तो आमच्या डोक्यावरून इतके फेरे मारत राहिला की कप्तान वैतागले. आवाज एकसारखा, सुई कापडातून जावी तसा. वहिनी मान वर करून ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होते. आपल्या घरात हे माणूस आहे, याचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो मी तिला अजून नीट सांगितलेला नाही.

ठरलेले तास दादाने एकट्याने उडवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, असा नियम होता. ते तास भरल्यावर पहिली सीट कुणाची, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. वहिनी धुतलेला सदरा घालून आली. आई खुर्ची टाकून बसली होती. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना तिने आपणहून सांगितलं, "इंजिन सुनेचं आहे. मुलगा नुसता चालवतो."

उतरल्यावर मी धावत गेले आणि विचारलं, वरून आपलं घर कसं दिसतं?

"हिला काय विचारतेस," दादा म्हणाला. "ही पूर्ण वेळ काट्याकडे बघत होती."

"शेवटी बघितलं की," वहिनी म्हणाली. "शेडचा पत्रा गंजलाय आपल्या." आणि बॉनेटवर हात ठेवून ती ते किती तापलंय ते बघायला लागली.