इन्सुलिनची ऑर्डर कुठे अडली होती?

सत्तरच्या दशकातला, कलकत्त्यातला एक सोमवार. गार्डन रीचच्या आमच्या ऑफिसात सकाळपासून घोषबाबूंचे फोन येत होते… आमच्या इस्पितळाचं औषध-भांडार ते सांभाळत. इन्सुलिन संपत आलं होतं, आणि सगळ्या विभागांच्या खरेदीची जी ऑर्डर संगणक छापायचा, तिच्यात ते नव्हतंच.

मी पुण्याहून नुकताच बदलून आलो होतो. प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ बदली होऊन गेलेले… मागे उरले होते भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, आणि टेबलभर पसरलेला छापील प्रोग्रॅम. शिस्तीने त्यातला औषधांचा विभाग काढला, ओळ न् ओळ वाचला, पुन्हा वाचला. चूक दिसेना.

पुन्हा फोन. "आपटेबाबू, तुमचं पारायण कधी संपणार? पेशंट थांबतील, साखर थांबत नाही."

आमच्या सीनियर प्रोग्रॅमर अणिमादी शेजारूनच म्हणाल्या, "वाचत काय बसलायस? 'तू कुठून कुठून जातोस?' असं त्या प्रोग्रॅमलाच विचार की."

ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी आम्ही एक जादा कार्ड घातलं… इथे आलास की या विभागाचं नाव छाप. मग प्रोग्रॅम आधी नेहमीच्या औषधांवर चालवायचा, नंतर त्यांतच इन्सुलिन घालून. जे नाव फक्त दुसऱ्या कागदावर येईल, तेवढाच विभाग वाचायचा!

पहिला कागद हाती आला आणि वीज गेली… ती येईपर्यंत मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो.

दुसऱ्या कागदावर एकच नाव जास्त निघालं… कँटीनच्या मासळीचं.

मासळी रोज सकाळी बाजारातूनच आणत. म्हणून 'नाशवंत' अशी खूण असलेली वस्तू ऑर्डरमधून गाळावी, असं तिथे लिहिलं होतं. आणि इन्सुलिनच्या कार्डावर कुणीतरी नुकतीच तीच खूण केली होती. औषधांचा विभाग मी जन्मभर वाचला असता, तरी हे सापडलं नसतं.

ती अट फक्त कँटीनपुरती केली. संध्याकाळी ऑर्डर गेली, आणि भांडारातलं संपायच्या आत नवं इन्सुलिन आलं. कारण ऐकून घोषबाबू म्हणाले, "म्हणजे माझे पेशंट रुई-कातला माशांच्या रांगेत उभे होते?"

पुढे नोकरीभर परके प्रोग्रॅम समोर येत राहिले. प्रत्येक वेळी हात आधी 'इथेच असायला हवं' अशा पानाकडे वळायचा… मग अणिमादींचे मनोमन आभार मानून मी प्रोग्रॅमच आधी चालवून बघायचो.