एकेचाळिसाव्या पानाची टीप

छापखान्यात त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं प्रुफं तपासून बाईंचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. लेखक झोपेत लिहितात आणि मालक डोळे मिटून छापतात, असं त्यांचं स्पष्ट मत. टपरीवरचा चहासुद्धा त्या आधी वास घेऊन मगच पीत.

त्यामुळे चर्चच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रुफात एकेचाळिसाव्या पानाखालची टीप गायब दिसली, तेव्हा बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांची एक यादी आहे. तिच्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवून पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम पाप ठरवलं जातं. टीप एवढंच सांगत होती, की त्या शब्दांच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. पौलाचा रोख बळजबरीवर आणि पिळवणुकीवर असावा, असंही काही जण मानतात.

बाईंचा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्याच्या मित्राबरोबर संसार करत होता. दोघांना चर्चच्या गायकवृंदात ठेवायचं की काढायचं, हे चर्चचे पंच येत्या रविवारी ही पुस्तिका समोर ठेवून ठरवणार होते. टीप गेली की भावाचं गाणं गेलं.

"पंचांनी डोळे वटारले आणि पाळकाने शेपूट घातलं," बाई पुटपुटल्या.

लाल खुणेशिवाय ओळ हलवायची नाही, आणि पुस्तक बांधून होईपर्यंत जुनी प्रुफं टाकायची नाहीत, असा छापखान्याचा नियम होता. पाळकांची लाल खूण शोधायला बाईंनी दुसऱ्या प्रुफाचा गठ्ठा सोडला. टीप जागच्या जागी होती आणि तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. भिंग लावून त्यांनी दोनदा पाहिलं. खुणेशिवाय ओळ उडवणं फक्त पानं लावणाऱ्याच्या हातात होतं, आणि इथली पानं त्यांचा हाच धाकटा भाऊ लावत होता.

"हो ताई, मीच काढली," भाऊ कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाला. "भावासाठी बहिणीने घुसडली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. या वयात नोकरी घालवून बसायचंय का तुला?"

"मी घुसडली? अरे शहाण्या, सव्वीस वर्षांत कुणाच्या मजकुरात एक वाक्य तरी घातलंय मी?"

हस्तलिखित बाईंच्या हातून बाहेर टाइपाला जाई आणि परत त्यांच्याच कपाटात येई, त्यामुळे भावाने ते कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी ते त्याच्यापुढे आपटलं. टीप पाळकसाहेबांच्याच बारीक, तिरक्या अक्षरात होती.

भाऊ त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. "आपल्या बाजूने दुसरं कुणी बोलेल, असं माझ्या मनातही आलं नाही गं."

बाईंच्या तरी कुठे आलं होतं? मघाचं शेपूट आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली. लाल पेन घेऊन त्यांनी तिसऱ्या प्रुफाच्या समासात टीप अक्षर न् अक्षर पुन्हा उतरवली. खाली नेहमी त्या नुसतं आद्याक्षर टाकत. आज त्यांनी आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं; भावाचंही आडनाव तेच होतं.

"घेऊ दे ज्याला संशय घ्यायचा त्याला," त्या म्हणाल्या. "तू पान लाव."