डावा कान

माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे हे म्हणायचे. ते गेले, राग तेवढा राहिला. मुलगा बंगळुरूला, रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस घरात बोलतो तो फक्त टीव्ही. तरी कळंबच्या आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात मी 'नुसता पेपर वाचायला' जाते, असंच सगळ्यांना सांगायचे. एकटी पडले आहे, हे कबूल करवत नव्हतं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हेही नाही.

केंद्रात माझ्या डाव्या हाताला माझ्याच वयाची एक बंजारा बाई बसायची. तांडा सोडून लेकाकडे राहायला आलेली. गोधडीला टाके घालत असायची. मी गेले की मान वर करून म्हणायची, "येडी, आली का व?"

पहिल्या दिवशी वाटलं, थट्टा असेल. पण मग रोजच. चहा आला की, "घे येडी, थंडा होते." तहसील कचेरीत उभी हयात काढलेली बाई मी, साहेबांनीही कधी आवाज चढवला नव्हता. आठवडाभर गिळलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. "येडी असशील तू!" सगळ्यांसमोर ओरडले. तिने सुई खोचली, गोधडी गुंडाळली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. केंद्र सांभाळणाऱ्या ताई माझ्या उजवीकडे येऊन बसल्या. "काकू, काहून भडकल्या होत्या तुमी? त्यायच्यात आईले याडी म्हनतात. ते तुमाले माय म्हनून राह्यली होती."

ध चा मा झाला होता, आणि तो माझ्याच कानात. कचेरीत तांड्यांवरचे कितीतरी अर्ज घेतले मी, पण त्या लोकांचा हा एक शब्द शिकले नव्हते. लाज वाटली, आणि रडूही आलं. मुलगा 'आई' म्हणतो, पण बहुतेक 'आई, ठेवतो' असंच.

ताईंकडून पत्ता घेऊन तिच्या घरी गेले. लेक-सून कामावर गेलेले. ती पायरीवर एकटीच, मांडीवर गोधडी, सुई मात्र तशीच खोचलेली. वाटेत मी माफीचं चांगलं लांबलचक भाषण जुळवलं होतं. फाटकाशी तोंडातून एवढंच निघालं, "याडी, चाल न व."

ती बघतच राहिली. "मले वाटलं, मी बाजूले बसतो थे तुले आवडत नाही."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या कानाचं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता डोळे पुसले. "याडी म्हन का येडी म्हन, माय. हाक तं मार. या घरात दिवसभर कोनी मारत नाही."

केंद्राकडे निघालो, तेव्हा मी तिला उजव्या हाताला घेतलं.