मागच्या दाराची कडी

मी गणित शिकवते, त्यातही टोपोलॉजी. या विषयात लांबी-रुंदी कोणी विचारत नाही. काय कशाला लागून आहे आणि मध्ये भोक कुठे आहे, एवढंच पाहायचं. बाबांना हे एकदा समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे भोकं पाह्याचा पगार देतेत तुले?" त्यानंतर मी समजावणं सोडलं.

आई गेल्यावर बाबा राळेगावच्या घरी एकटे राहिले. दादा म्हणे, पुण्याला चला. बाबा म्हणत, "थ्या फ्लॅटात कायले येऊ? गॅलरीत उभा राहून कोणाले हाक मारू?" रोजची कटकट नको म्हणून मी मध्ये पडले. घरात सेन्सर लावते म्हटलं. कॅमेरा नाही, फक्त 'इथं कोणीतरी हललं' एवढं माझ्या आणि दादाच्या फोनवर सांगणाऱ्या डब्या. काही दिवस बाबा नीट हिंडले-फिरले तर राहतील, नाहीतर पुणे. दोघांनी मान्य केलं. एक डबी तथागतांच्या फोटोच्या वर लावत होते तर बाबा खेकसले, "वर कायले लावते? खाली लाव!" न्हाणीत तर पाऊलच टाकू दिलं नाही.

एका खोलीतली डबी जागी झाली आणि पाठोपाठ शेजारच्या खोलीतली, की मी त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढायची. एकटा माणूस कुठेही गेला तरी घरी परत येतो, त्याच्या रेघेचं कडं होतं. बाबांचं काही होईना. ते पुढच्या दारानं आत यायचे, मागच्या दारानं बाहेर जायचे, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात चहाही करायचे. दादा फोनवर खूष. "या वयात काय चालतात गं बाबा!" माझं मात्र डोकं फिरलं. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कोणत्या गणितात बसतो?

शेवटी नागपूरहून एसटीनं गेले, घरात ठाण मांडून बसले आणि पाहते तर काय, अर्धी गल्ली आमच्या घरातून चालली होती! पुढे गल्ली, मागे स्टँडचा रस्ता, मधे आमचं घर. वळसा कोण घालणार? समोरच्या काकू दळणाचा डबा घेऊन, मास्तर सायकल उचलून, "काका, बरं हाय ना?" म्हणत सरळ आरपार. बाबा शांतपणे म्हणाले, "पह्यलेपासून जातेत. त्याईले काय नवीन रस्ता बांधून देऊ?"

मी मोठ्या दिमाखात दादाला कळवलं. तो कडाडला, "म्हणजे कोणीही घरात घुसतं? आजच मागच्या दाराला कडी लाव!" लावली. बाबा माझ्याशी बोलेनात. काकू खिडकीतून टोमणे मारत वळसा घालू लागल्या. पण रेघांचं काय सुरेख कडं झालं! मी ते कॉलेजात सगळ्यांना दाखवत हिंडले.

आणि एका सकाळी बाबा न्हाणीत घसरले. तिथं डबीच नव्हती, त्यामुळे माझ्या फोनवर हिरवी खूण, सगळं ठीक. काकू दळण घेऊन येत होत्या. सवयीनं त्यांनी मागचं दार ढकललं, ते उघडेना. "कडी काहून लावता हो, काका?" म्हणून तणतणल्या, तर आतून कण्हणं ऐकू आलं. डबा खाली ठेवून बाईनं अशी लाथ घातली, की कडी वाकून लोंबायला लागली. मग सगळी गल्लीच आत आली. तेवढ्यात मला दादाचा फोन, "आज बाबा भलतेच फिरतायत, मस्त!" फिरत होते ते बाबांना खाटेवर घालून दवाखान्यात नेणारे शेजारी.

पाय नुसता मुरगळला होता. तरी मी राळेगाव येईपर्यंत एसटीत रडत होते, आणि कंडक्टरसमोर रडू येतंय म्हणून स्वतःवरच चिडत होते. दादा गाडी घेऊन आला. बाबांची बॅग भरून त्यानं दारात ठेवली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतक्यात काकू मागच्या दारानं आल्या, "कधी आला रे? जेवाले ये," म्हणत बॅग ओलांडून पुढच्या दारानं गेल्यासुद्धा. मागोमाग मास्तर, सायकलसकट. "काका, पाय कसा हाय?"

मग दादानं पेचकस मागितला. मला वाटलं, कडी सरळ करतोय. त्यानं सगळे स्क्रू काढले, कडी खिशात टाकली आणि बॅग उचलून कपाटात ठेवली.

बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच ओरडले, "अन् आता कुत्रे येतीन ना बे!"