नऊशे बाय बाराशेचं भगदाड

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जे भगदाड आहे, ते माझ्या सहीनिशी पडलेलं आहे.

मी आणि माझी बायको सुनंदा इकडं कन्नड मुलखात, राजाजीनगरच्या या घरात एकतीस वर्षं राहतोय. माझी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. रेघ मारली की माप लिहायचं, माप लिहिलं की सही करायची, सही केली की तारीख घालायची! हे हाताला इतकं लागलं होतं, की निवृत्तीनंतर वाणसामानाच्या यादीखालीही मी सही ठोकायचो. (दुकानदारानं ती यादी कधी नाकारली नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

निवृत्त झाल्यावर मी घरात देखरेख सुरू केली. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, डब्यांना नंबर दिले. तिसऱ्या आठवड्यात सुनंदानं मुलीला फोन केला. मुक्ता शहराच्या दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून दोन तासांचा ट्रॅफिक तुडवत आली आणि माझ्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून गेली. त्यात चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. ‘तुम्ही एका अंधाऱ्या भुयारात आहात. उत्तरेला दार आहे. पूर्वेकडून गुरगुरणं ऐकू येतंय.’ आपण टाइप करायचं, ‘उत्तरेला जा’, की पुढची खोली. वाटेत राक्षस, बुटके, शापित विहिरी. आणि वाट चुकायची नसेल तर नकाशा आपला आपण काढायचा!

नकाशा! मला दुसरं काय हवं होतं? घराच्या प्लॅनच्या चार-पाच झेरॉक्स प्रती कपाटात पडून होत्या. कोरा कागद वाया घालवणं आमच्या ऑफिसात पाप समजत, म्हणून मी भुयार सरळ घराच्या प्लॅनवरच बसवलं. हॉल झाला वीराचा तळ. स्वयंपाकघर झालं राक्षसीची गुहा. (जागा तिथंच शिल्लक होती हो!) तिच्या पलीकडे मागची खोली होती, तो खजिना. मधली भिंत फोडल्याशिवाय खजिना मिळत नाही, असं एका बुटक्यानं मला सांगितलं होतं. म्हणून मी त्या भिंतीवर तांबड्या पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारल्या, शेजारी ‘९०० बाय १२००’ असं माप घातलं आणि सही केली. राक्षसांच्या मुलखातल्या भगदाडाला माप लागत नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे असं मजेत चाललेलं असताना सांगलीला आई पडली. वय चौऱ्याऐंशी, घरात एकटी. चार तास न्हाणीघरात पडून होती, कुणाला पत्ता नाही. मी जाऊन तिला इकडे घेऊन आलो. मोडलेलं हाड जुळलं, वॉकर धरून चालूही लागली, पण तिचं मन काही रमेना.

तिची खोली तीच, मागची. सुनंदा दिवसभर भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, आई अलीकडे पलंगावर, आणि मी पुढं हॉलमध्ये भुयारात. आईनं हाक मारली तर मिक्सरच्या आवाजात कुणाला ऐकू जायची नाही.

“शेजारीण येते, ‘ऊट आयता अम्मा?’ म्हणून जेवणाचं विचारते,” आई म्हणाली. “मी ‘आयतु’, झालं, म्हणते. संपलं माझं कन्नड! बाळ, रविवारी मला सांगलीला नेऊन सोड.”

“आई, पुन्हा पडलीस तर?”

“पडले तर पडले. निदान शेजारपाजारचं कोणीतरी मराठीत ‘पडली, पडली’ म्हणून ओरडेल.”

खरं सांगतो, मी मनातून हादरलो होतो. ते चार तास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आई ऐकणार नाही हेही ठाऊक होतं. मग मी माझ्या बुद्धीप्रमाणे तोडगा काढला. तिच्या बाथरूमचं दार अरुंद होतं, वॉकर अडायचा. ते रुंद करून घेतलं तर कदाचित राहील! तसं ड्रॉइंग केलं, सही केली आणि मंजण्णा गवंड्याला मंगळवारी बोलावलं.

मंगळवारी सकाळी सुनंदा आईला ऑटोनं फिजिओथेरपीला घेऊन गेली. मंजण्णा आला तेव्हा मी नेमका राक्षसीच्या गुहेत होतो.

“सार, ड्रॉइंग?”

“टेबल मेले इदे, तगो,” मी मान वर न करता म्हणालो. टेबलावर आहे, घे. टेबलावर दोन कागद होते. त्यानं वरचा उचलला.

मी टाइप केलं, ‘हातोड्यानं भिंत फोड.’ पडद्यावर उत्तर आलं, ‘भिंत हलत नाही.’ आणि आतून आवाज आला, धाड! मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा धाड! खेळाला आवाज नाही हे माहीत असूनही मी म्हटलं, वा, काय वातावरण जमलंय! पाऊण तास आम्ही दोघं आपापली भिंत फोडत होतो. माझी शेवटपर्यंत फुटली नाही.

“सार, आयतु! फस्ट क्लास!” धुळीनं पांढराफटक झालेला मंजण्णा दारात उभा.

मी आत गेलो. गॅसच्या ओट्यापाशी उभा राहिलो, तर समोर चक्क आईचा पलंग दिसत होता! डोशाच्या पिठात अर्धी वीट बसली होती.

“मंजण्णा, ये क्या किया? बाथरूम का दरवाजा बोला था!”

“इसमें बाथरूम पे लाइन किधर है सार?” त्यानं कागद माझ्यापुढं धरला. “लाल लाइन इधर है. साइज इधर है. साइन आपकाच है.”

मी मापं तपासली. भगदाड नऊशे बाय बाराशे, एका मिलिमीटरचा फरक नाही. (भिंत अर्ध्या विटेची होती, तिच्यावर कसलाही भार नव्हता. नातेवाइकांना हे वेगळं सांगावं लागतं.)

तेवढ्यात दोघी परत आल्या. सुनंदानं कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागली. मंजण्णाला मराठी येत नव्हतं, हिला येत होतं.

“स्वयंपाकघरावर काय लिहिलंय हो हे?”

“कुठं?”

“राक्षसीची गुहा.”

“अगं, ते खेळातलं...”

“आणि तुम्ही बसता तिथं?”

“वीराचा तळ,” मी पुटपुटलो.

“माझ्या खोलीवर काय लिहिलंय गं?” आईनं वॉकरवरून मान पुढं काढली.

“खजिना.”

“बघ!” आई म्हणाली. “पोर गुणाचं आहे!”

बुधवारी विटा आणून भगदाड बुजवतो, असं सांगून मंजण्णा गेला. धूळ झाडली, पलंग पुसला, आणि मी तोंड लपवायला हॉलमध्ये जाऊन बसलो. चारच्या सुमाराला आतून बोलणं ऐकू आलं. सुनंदानं भगदाडातून चहा दिला होता. आईनं कप परत देताना सांगितलं, “आमटीत आमसूल घालतेस ना? चिंच नको.” सुनंदा म्हणाली, “अहो आई, इकडं आमसूल कुठलं, चिंचच!” त्यावर आईनं मेथी मागितली. सुनंदानं जुडी आणि परात भगदाडाच्या काठावर ठेवली. मेथी निवडता निवडता दोघी अशा बोलत सुटल्या, की चहाचा दुसरा कप मला मिळालाच नाही.

बुधवारी मंजण्णा विटा घेऊन आला. भगदाडाच्या एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला आई.

“बेडा, बेडा!” आई ओरडली. नको, नको! तिचं कन्नड एका शब्दानं वाढलं होतं. “हात लावलास तर बघ!”

त्याच विटांनी मंजण्णानं कडा बांधून दिल्या, खालच्या काठावर छान ग्रॅनाइटची लादी बसवली, आणि मग बाथरूमचं दारही रुंद केलं. रविवार आला आणि गेला. सांगलीचं नाव निघालं नाही. मी देवापुढं उभा राहून दोनदा हात जोडले, एकदा देवाला आणि एकदा मंजण्णाला.

आता आई म्हणते, इथं तिला मुळीच कंटाळा येत नाही. सुनंदा म्हणते, सासूशी इतक्या गप्पा उभ्या जन्मात झाल्या नव्हत्या. सकाळी सातला सुरू होतात, त्या दिवेलागणीपर्यंत. इतकं बोलायला यांना विषय पुरतो तरी कसा, म्हणून परवा मी हळूच दाराआड उभा राहून ऐकलं. विषय एकच आहे. आणि तो रोज सकाळी उठून स्वतःच्या वागण्यानं त्यांना नवा मजकूर पुरवतो.