खाली न लागणारी गाडी

"खाली लागत नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे नायच लागत, मॅडम," मोकासे म्हणाले. "पाच माणसं बसवा, डिकी भरा, कोणताबी स्पीडब्रेकर घ्या. गाडी वरच्या वर."

गाडी त्यांची होती, ते विकत होते, आणि हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

मी जुन्या गाड्या तपासते. आधी वाळूजला एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. आता लोक सेकंडहँड गाडी घेण्याआधी मला बोलावतात. स्वभाव मुळातच संशयी. माझा नवरा म्हणतो, संधी मिळाली असती तर हिनं लग्नाआधी माझंही बोनेट उघडून बघितलं असतं. बघितलं असतंच.

गाडी होती एक्झिक्युटिव्ह सेडान. कंपन्यांच्या मॅनेजर लोकांना साधारण मिळते ती. छोट्या गाड्यांपेक्षा वरची, बड्या लोकांच्या गाड्यांपेक्षा खालची. हे मॉडेल माझ्या ओळखीचं. मागची सीट म्हणजे घरचा दिवाण. पाय लांब करून बसा, रस्त्यातले खड्डे गाडी स्वतःच पिऊन टाकते. हायवेवर इंजिन चालू आहे का बंद, कळत नाही. पण पोट जमिनीलगत आणि नाक लांब. आपल्याकडचे स्पीडब्रेकर ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं घातलेले. त्यातल्या एकालाही ही गाडी न घासता ओलांडत नाही. शिवाय सीट इतकी खाली की म्हातारं माणूस बसलं तर उठवायला दुसरं लागतं.

ठरलेला दोष असला की मला भीती वाटत नाही. ठरलेला दोष गायब झाला की वाटते.

मला बोलावलं होतं सलीमभाईंनी. त्यांचं अजिंठ्याला हार्डवेअरचं दुकान. त्यांच्या बायकोचं, शमीमभाभींचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दर आठवड्याला फिजिओथेरपीला शहरात यावं लागायचं. जीपच्या धक्क्यांनी भाभींचे असे हाल व्हायचे की त्यांनी येणंच सोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम चुकले तर पायातला बधिरपणा कायमचा राहील. एवढ्यासाठीच ही गाडी बघायची होती.

"बाजी," सलीमभाई मला बहीण मानून म्हणाले, "पेट्रोल पिऊ दे, रंग उडू दे. हिच्या पाठीला लागायला नको, बस्स."

मी तपासणी सुरू केली. रंगाची जाडी सगळीकडे सारखी, म्हणजे ठोकून पुन्हा रंगवलेली नाही. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला. मागून ठोकर बसली असेल तर तिथं सुरकुत्या पडतात. एकही नव्हती. इंजिन स्वच्छ. मी मोकासेंना विचारलं, "मग विकताय कशाला?"

"मोठी गाडी घ्यायचीय," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

माणूस वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, बोलायला मोकळा. नेमक्या याच प्रश्नाला का चाचरला?

भाभींना मागं बसवून मी सिडकोत एक चक्कर मारली. स्पीडब्रेकर आला. खरंच, खाली काही घासलं नाही. पण गाडी बैलगाडीसारखी आदळली. आरशात बघितलं तर भाभींनी दारावरचा दांडा घट्ट धरला होता.

"भाभी, कसं वाटतंय?"

"अच्छी है," त्या म्हणाल्या. ओठ मात्र दाताखाली. त्यांना नवऱ्याचं मन मोडायचं नव्हतं.

सलीमभाईंना मी बाजूला घेतलं. "यात काहीतरी पाणी मुरतंय."

"ॲक्सिडेंटची हाय का?"

"माहीत नाही. वर उचलून बघू."

ओळखीच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर ओरखडेच ओरखडे होते, पण सगळे जुने, मातीनं भरलेले. ताजा एकही नाही. म्हणजे मधेच कधीतरी गाडी उंच झाली होती. मी टॉर्च स्प्रिंगवर मारली. चारी चाकांच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबराचे जाड ठोकळे दाबून बसवले होते. याला बफर म्हणतात. त्यानं गाडी उचलली जाते, पण स्प्रिंग दबायची थांबते. आणि स्प्रिंग दबलीच नाही तर धक्का जाणार कुठं? पाठीत.

"मोकासे, हे काय?"

"बफर हायती की. आमच्या कॉलनीत समद्यांनी टाकलेत." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "त्याच्याबिगर गावाला, पिशोरला, नेताच येत नाय."

"आणि मागं कोण बसतं?"

"माय बसती. आता बसत नाय. म्हणती, तुझ्या गाडीपरीस एसटी बरी, कंबर तर शाबूत राहती. म्हणून तर विकायलोय. पण गिऱ्हाइकाला असं कसं सांगावं?"

चोर सापडला, पण तो चोर नव्हता. गाडीचं पोट वाचवायला त्यांनी मागच्या माणसाची पाठ मोडली होती, आणि पाठ मोडली म्हणून गाडी विकायला काढली होती.

मला राहवलं नाही. मोकासेंना विचारून तिथंच बफर काढायला लावले. चाकं लोंबकळत असली की स्प्रिंग उघडते. ठोकळे सहज निघाले. पुन्हा सगळे बसलो, मोकासे पुढं माझ्याशेजारी. खराब रस्ता मुद्दाम धरला. गाडी पाण्यावर चालल्यासारखी चालली. मग स्पीडब्रेकर आला आणि खालून लांबलचक खर्र आवाज झाला. मोकासेंनी डोळे मिटले.

मागून भाभी हसल्या. ऑपरेशननंतर त्या गाडीत पहिल्यांदाच हसल्या, असं सलीमभाई नंतर म्हणाले. दांड्यावरचा हात मांडीवर आला होता.

"बाजी, हीच घेऊ," सलीमभाई म्हणाले.

मोकासे गाडीतून उतरले, बोनेटवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "माफ करा, सलीमभाई. आता विकायची नाय. आधी मायला बसवून बघतो."

परतताना सलीमभाई माझ्याकडे न बघता स्टिअरिंगपुढं जाऊन बसले. भाभी जीपमध्ये उशी पाठीशी घेऊन बसल्या. मला माझाच इतका राग आला की घरी जाऊन नवऱ्यावर काढला. सौदा आधी, दुरुस्ती मागून. हे शिकाऊ पोरालाही कळतं.

पुढच्या महिन्यात सलीमभाईंनी पुन्हा बोलावलं. तेच मॉडेल, दुसरा मालक. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "मॅडम, आधीच सांगतो, खाली लई घासती."

मी वाकून बघितलं. ओरखडे ताजे होते, एकावर एक.

"घ्या," मी म्हणाले. भाभी तोवर मागं जाऊन बसल्या होत्या.